घरच्या घरी सागवानी डायनिंग टेबल: वखारीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा मोकळं होतं, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक असतं. डायनिंग टेबलाचा टॉप म्हणजे तसंच एक दार, फक्त आडवं ठेवलेलं. तोही दर वर्षी फुगतो आणि आकसतो. त्याला हलायला जागा ठेवली तर टेबल तीन पिढ्या चालतं. चारही बाजूंनी खिळे आणि सरस लावून जखडून टाकलं तर पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध तडा जातो. नवख्या माणसाचे बहुतेक टेबल नेमके इथेच बिघडतात, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

इथे ५ फूट × ३ फूट, सहा माणसांचं, भरीव सागवानी टेबल धरलं आहे. प्लायवुडवर सनमायका लावलेल्या टेबलाचं काम वेगळं असतं, ते इथे नाही. रोज काम करणं शक्य नसेल तर लाकूड वाळवण्याचे दोन-तीन आठवडे आणि पुढे चार-पाच शनिवार-रविवार हाताशी ठेवा.

१. आधी मापं ठरवा

जेवायला बसलेल्या एका माणसाला टेबलाच्या कडेची २४ इंच रुंदी लागते. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किमान ३० इंच हवेत, ३६ असले तर उत्तम. खोलीत आधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ५ × ३ फुटांचा आयत मांडा, भोवती खुर्च्या ठेवा आणि दोन दिवस त्याच्या बाजूने ये-जा करून पाहा. फ्रिजचं दार उघडतं का, हेही तेव्हाच कळतं. जागा कमी असेल तर लांबी तशीच ठेवून रुंदी ३० इंच करा.

तयार टेबलाची मापं अशी:

- टॉप: ६० × ३६ इंच, जाडी १ इंच
- एकूण उंची: ३० इंच (पाय २९ + टॉप १)
- पाय: पावणेतीन इंच चौरस, चार
- फ्रेमच्या पट्ट्या (टॉपखाली पायांना पाय जोडणाऱ्या): ४ इंच रुंद, १ इंच जाड
- चारही बाजूंनी टॉप पायांच्या बाहेर ३ इंच

या मापांत लांब बाजूच्या दोन पायांमध्ये साडेअठ्ठेचाळीस इंच मोकळे मिळतात, म्हणजे दोन माणसं पायाला गुडघा न लागता बसतात. टोकाच्या बाजूला साडेचोवीस इंच मिळतात. पट्टीच्या खाली जमिनीपासून २५ इंच उरतात. साधारण खुर्चीची बैठक १८ इंचांवर असते, त्यामुळे मांडीला ७ इंच जागा राहते. पट्टी भक्कम दिसावी म्हणून ती ६ इंचांची करण्याचा मोह होतो. तसं केलं की मांड्या घासतात.

२. लाकूड कोणतं

सागवान महाग असलं तरी पहिल्या टेबलासाठी तेच सांगावंसं वाटतं. हवामान बदललं तरी ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, अंगच्या तेलामुळे गाभ्याला कीड-वाळवी सहसा लागत नाही आणि रंध्याखाली सरळ चालतं. आपल्याकडे चंद्रपूर-बल्लारशाकडच्या सागवानाला पूर्वापार मान आहे, वखारीत त्याला ‘सीपी टीक’ म्हणतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारशाहूनच गेलं. आयात केलेलं लागवडीचं सागवान स्वस्त पडतं. त्यात पांढरी कड (गाभ्याबाहेरचं फिकट, कच्चं लाकूड) जास्त असते, एवढं पाहून घ्या.

बजेट कमी असेल तर शिवण चांगलं: हलकं, पण स्थिर. कोकणात फणसाचं लाकूड मिळालं तर सोडू नका, पिवळाधमक रंग वर्षभरात तांबूस-तपकिरी होतो. आंब्याचं लाकूड स्वस्त असलं तरी त्याला कीड लवकर लागते आणि नीट वाळलेलं नसेल तर ते पिळतं.

जुन्या वाड्यांच्या तुळयांचं सागवान हा आणखी एक उत्तम पर्याय. कित्येक वर्षं वाळलेलं असल्यामुळे ते आता फारसं दगा देत नाही. फक्त त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात. चिरायला देण्याआधी प्रत्येक बाजूवर जोरकस लोहचुंबक फिरवा, नाहीतर लाकूड चिरायच्या मिलचं पातं जातं आणि त्याची भरपाई तुम्हाला द्यावी लागते.

शेतातलं स्वतःचं सागाचं झाड तोडून टेबल करायचा विचार असेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असलं तरी हा नियम लागू होतो. तोडलेलं लाकूड गावाबाहेर न्यायला वाहतूक परवान्याची चौकशीही तिथेच करा. वखारीतून घेताना पक्कं बिल मागा. त्यावर लाकडाची जात, घनफूट आणि दर लिहिलेला असावा.

३. वखारीत जाण्याआधी घनफुटाचा हिशोब

सूत्र सोपं आहे: लांबी फुटांत × रुंदी इंचांत × जाडी इंचांत ÷ १४४. खालची मापं कच्ची, म्हणजे रंधा मारण्याआधीची आहेत.

- टॉपच्या फळ्या: साडेपाच फूट × साडेसहा इंच × सव्वा इंच, ६ नग: १.८६ घनफूट
- पाय: अडीच फूट × ३ × ३ इंच, ४ नग: ०.६३
- लांब पट्ट्या: साडेचार फूट × साडेचार × सव्वा इंच, २ नग: ०.३५
- आखूड पट्ट्या: अडीच फूट × साडेचार × सव्वा इंच, २ नग: ०.२०
- मधली आडपट्टी (दोन लांब पट्ट्यांना मधोमध जोडणारी): अडीच फूट × साडेतीन × सव्वा इंच, १ नग: ०.०८

बेरीज ३.१२. गाठी, तडे आणि कापण्यात जाणारं धरून वर पाव भाग जोडा, म्हणजे ४ घनफूट. लांब आणि रुंद फळ्यांचा दर जास्त असतो. पायांना अडीच फुटांचेच तुकडे लागतात, ते आखूड मालातून वेगळे मागा. तिथे चांगले पैसे वाचतात.

वखारीत फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘सव्वा इंच’ म्हणून दिलेली फळी टेपने मोजली की नऊ सूत भरते. (आठ सूत म्हणजे एक इंच, सुताराशी बोलताना हे माप कामाला येतं.) नऊ सुतांच्या फळीतून दोन्ही बाजू साफ करून पूर्ण एक इंच निघणं कठीण असतं, म्हणून प्रत्येक फळी दोन्ही टोकांना मोजा. मग फळी डोळ्यासमोर धरून टोकाकडून लांबवर पाहा. धनुष्यासारखा थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. पांढरी कड सगळ्यात आधी किडते, तिथे टाचणीएवढी भोकं आणि खाली भुसा दिसला तर ती फळी बाजूला काढा. अस्सल सागवानाला ताजा रंधा मारला की चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. रंग लावलेल्या किंवा धुळीने भरलेल्या फळीवर हे कळत नाही, म्हणून कोपऱ्यात दोन हात रंधा मारून दाखवायला सांगा.

४. वाळवणं: इथे घाई करू नका

टेबल फाटण्याचं सगळ्यात मोठं कारण ओलं लाकूड. वखारवाले ‘सीझन केलेलं आहे’ म्हणतात तेव्हा ते खरंही असू शकतं. पण तोच माल पुढे पावसाळाभर पत्र्याखाली उभा राहिला असेल तर पुन्हा ओलावा धरतो. मुंबई-कोकणात १२ ते १४ टक्के, पुणे-नाशिककडे १० ते १२ आणि विदर्भात ८ ते १० टक्के ओलावा असताना काम सुरू करावं.

सुयांचा ओलावा-मापक मिळाला तर छान. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. फळीच्या टोकापासून एक फूट आत (टोकं आधी वाळतात, म्हणून) एक छोटा तुकडा कापा. त्यासाठी जादा घेतलेल्या मालातली फळी वापरा. वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून दर तासाला वजन करत राहा, ते कमी व्हायचं थांबलं की काढा. समजा ९० ग्रॅमचे ८० ग्रॅम झाले. गेलेलं पाणी १०, कोरडं लाकूड ८०, म्हणजे ओलावा साडेबारा टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्या वजनाने नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

आकडा जवळपास असला तरी फळ्या दोन-तीन आठवडे त्याच खोलीत ठेवा जिथे टेबल राहणार आहे. जमिनीवर इंचभर जाडीच्या पट्ट्या दीड-दीड फुटांवर ठेवून त्यावर फळ्यांचा थर, पुन्हा बरोबर त्याच जागी वर पट्ट्या, पुन्हा थर. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या नाहीत तर फळ्या मध्ये वाकतात. टोकांना जुना तेलरंग किंवा मेण फासा, म्हणजे तिथून तडे जात नाहीत. ऊन नको, थेट पंखाही नको. फळी गच्चीत उन्हाला टाकली तर वरचा पदर आधी आकसतो, आतला तसाच राहतो आणि ती पन्हळीसारखी वाकते.

आता हालचालीचा अंदाज. ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर सागवानाचा ३६ इंच रुंद टॉप सुमारे दोन सूत, म्हणजे पाव इंच रुंदीला बदलतो. लांबीला जवळपास काहीच होत नाही. हा पाव इंच लक्षात ठेवा, टॉप बसवताना तो परत येणार आहे.

५. हत्यारं आणि सामान

हातातली हत्यारं: जॅक रंधा, १० आणि २५ मिमीच्या पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज, लाकडी हातोडा, धार लावायचा दगड. विजेवरची: ड्रिल, हातातली गोल करवत, ऑर्बिटल सँडर. चार फुटी शिकंजे (क्लॅम्प) पाच लागतात आणि फ्रेमची लांब बाजू आवळायला साडेपाच फुटी दोन. ते विकत घेण्याऐवजी ओळखीच्या सुताराकडून दोन दिवस भाड्याने आणा. शिकंजे नसतीलच तर जाड प्लायवर दोन्ही बाजूंना पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा आणि फळी व पट्टीच्या मध्ये समोरासमोर पाचरी ठोका. दाब तेवढाच मिळतो.

सामान: फेविकॉल मरीन किंवा एसएच ५०० ग्रॅम, आठ नंबरचे दीड इंची स्क्रू, पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचे, थिनर, पॉलिशचं सामान (ते पुढे), पायांखाली ठोकायच्या नायलॉनच्या टोप्या.

सागवानाची बारीक धूळ नाका-घशाला आणि काहींच्या कातडीला झोंबते. सँडिंग करताना चांगला मास्क लावा, कापडी रुमालाने भागत नाही. गोल करवत चालवताना ओढणी, मोकळी बाही, लोंबतं ब्रेसलेट काढून ठेवा. आणि सोसायटीत राहत असाल तर दुपारची झोपेची वेळ सोडून काम करा, शेजाऱ्यांची साथ पाच आठवडे टिकवायची आहे.

एक व्यवहारी सल्ला: फळ्यांची जाडी एकसारखी करायचं काम मिलमधल्या थिकनेस मशीनवर करून घ्या. तासाभराचं काम असतं. हाताने तेच करायला दोन दिवस आणि भरपूर घाम लागतो. पण फळ्या वाळल्यानंतरच मशीनवर न्या. आधी नेल्या तर वाळताना पुन्हा वाकतात आणि तोवर जाडी संपलेली असते.

६. टॉप जोडणं

सहा फळ्या जमिनीवर मांडा आणि रेषा जुळतील अशा आलटून-पालटून पाहा. यावर अर्धा दिवस गेला तरी चालेल, पुढची तीस वर्षं हेच डोळ्यासमोर असणार आहे. क्रम ठरला की सगळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढा. नंतर फळ्या कितीही हलल्या तरी त्रिकोण जुळला की क्रम परत सापडतो.

कडा जुळवण्याची युक्ती अशी. शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून शिकंज्यात उभ्या धरा आणि दोघींच्या कडांवर एकत्र रंधा मारा. रंधा थोडा तिरका चालला तरी एकीचा कोन दुसरीच्या कोनाला भरून काढतो, पुस्तक उघडलं की सांधा सपाट बसतो. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागे दिवा धरा. टोकांना उजेड दिसला तर सांधा वाईट, तो नंतर टोकाकडून उघडतो. मधोमध कागद जेमतेम सरकेल एवढी फट असली तर ती मुद्दाम ठेवावी, शिकंज्याच्या दाबाने ती मिटते आणि टोकं घट्ट राहतात.

सरस लावण्याआधी प्रत्येक कड थिनरच्या फडक्याने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. सागवानाचं तेल कडेवर आलं की सरस नीट धरत नाही. रंधा मारल्याच्या दिवशीच जोडायचं, पुढच्या रविवारवर ठेवायचं नाही. आधी सरसाशिवाय सगळं शिकंज्यात आवळून पाहा. हे टाळलं की नेमका सरस सुकत असताना एक शिकंजा आखूड पडतो.

सहाही फळ्या एकदम जोडू नका. तीन-तीनच्या दोन जोडण्या करा आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन एकत्र आणा. दोन शिकंजे वरून तर तीन खालून, फूटभर अंतराने लावा. सगळे एकाच बाजूने लावले की टॉप कमानीसारखा उचलला जातो. सांध्यातून सरसाचे बारीक थेंब ओळीने बाहेर आले पाहिजेत. थेंब आलेच नाहीत तर सरस कमी पडला. धारा लागल्या तर जास्त झाला. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसू नका, तो पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि पॉलिश लागल्यावर तिथे फिकट डाग उमटतात. अर्ध्या तासाने तो रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. रात्रभर आवळून ठेवा, पावसाळ्यात चोवीस तास.

दोन्ही अर्ध्या भागांचं जोडकाम झालं की टॉप ६० इंचांवर कापा. वर सपाटी पाहायला दोन सरळ पट्ट्या टॉपच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहा. त्या समांतर दिसल्या नाहीत तर टॉपला पीळ आहे. उंच कोपऱ्यांवर आधी तिरका रंधा मारा, मग सरळ.

७. पाय आणि पट्ट्या: खाच आणि कुसू

पायाला पट्टी जोडायला स्क्रू आणि लोखंडी कोन पुरतात असं बरेच जण सांगतात. जेवणाचं टेबल रोज ओढलं जातं, त्यावर कोपर टेकून उठलं जातं, मुलं चढतात. वर्षभरात स्क्रू सैल होतात आणि टेबल डुलू लागतं. खाच-कुसूच्या सांध्याला (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू, ती पायातल्या खाचेत बसते) वेळ लागतो, पण तो डुलत नाही.

मापं: कुसू १० मिमी जाड, ३ इंच रुंद, दीड इंच लांब. म्हणजे लांब पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत साडेएक्कावन्न इंच, आखूड साडेसत्तावीस इंच. पट्टीच्या वरच्या कडेपासून कुसू सहा सूत खाली सुरू करा. तो अगदी वर घेतला तर पायाचं डोकं उघडं पडून फाटतं. पट्टी पायाच्या बाहेरच्या तोंडापासून दोन सूत आत बसवा. पाय आणि पट्टी एका पातळीत आणायचा प्रयत्न केला तर पहिल्या पावसाळ्यात दोन्ही वेगळे फुगतात आणि पायरी दिसू लागते. दोन सुतांच्या मुद्दाम ठेवलेल्या पायरीत तो फरक लपून जातो.

आधी खाच, मग कुसू. खाच दीड इंचापेक्षा किंचित खोल हवी, तळाला जादा सरस साठायला जागा लागते. १० मिमीच्या बिटने शेजारी-शेजारी भोकं पाडा (बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा) आणि मधलं पटाशीने साफ करा. पाय डोक्याकडे एक इंच जादा लांब ठेवा, खाच मारताना तो फाटत नाही. सांधा बसल्यावर जादाचं कापून टाका.

कुसू खाचेत हाताच्या दाबाने अर्धा जावा आणि उरलेला लाकडी हातोड्याच्या दोन-चार हलक्या ठोक्यांनी. जोर लावून ठोकावा लागला तर पाय चिरतो. आपसूक आत पडला तर कुसूवर रंध्याचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवून जाडी भरा, फेविकॉल फट भरून काढत नाही.

आधी दोन आखूड बाजू जोडा, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. आवळल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा: पायांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सुमारे पावणेबासष्ट इंच आले पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा तिरका लावून ओढा. सरस सुकल्यावर यात काही बदलता येत नाही. मधली आडपट्टी दोन लांब पट्ट्यांच्या आतल्या तोंडांमध्ये, मधोमध, दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवा.

८. टॉप फ्रेमवर बसवणं

सुरुवातीला म्हटलं ती, टेबल फाटण्याची जागा हीच. इथे सरस लावायचा नाही, थेंबभरही नाही. पट्टीतून वर आरपार स्क्रू मारून टॉप पक्का करणंही नको. लाकडी बटणांनी टॉप धरायचा.

बटण म्हणजे सागवानाचा अडीच इंच लांब, सव्वा इंच रुंद, एक इंच जाड तुकडा, ज्याच्या एका टोकाला जीभ काढलेली असते. फ्रेमच्या पट्ट्यांच्या आतल्या तोंडावर, वरच्या कडेपासून चार सूत खाली, चार सूत खोल खाचा पाडा. जिभेचा वरचा भाग साडेतीन सूत खाली कापा. तो अर्ध्या सुताचा फरक महत्त्वाचा आहे: स्क्रू आवळला की बटण वर ओढलं जातं आणि जीभ टॉपला फ्रेमवर दाबून धरते. स्क्रू दीड इंची, एक इंच बटणात आणि अर्धा इंच टॉपमध्ये. दोन इंची मारला तर टोक टॉपच्या वर येतं.

लांब बाजूंना प्रत्येकी तीन आणि आखूड बाजूंना प्रत्येकी दोन, अशी दहा बटणं पुरतात. लांब पट्टीवर टॉप आत-बाहेर सरकणार, म्हणून जिभेच्या टोकापुढे खाचेत दोन सूत मोकळे ठेवा. आखूड पट्टीवर टॉप पट्टीच्या दिशेने सरकणार, तिथे खाच बटणापेक्षा इंचभर लांब पाडा. मधल्या आडपट्टीतून मात्र बरोबर मध्यावर एकच स्क्रू टॉपमध्ये घ्या. हा मध्य जागेवर राहतो आणि फुगणं-आकसणं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं.

टॉपच्या टोकांना सरस लावून आडवी बॉर्डरपट्टी ठोकायची पद्धत प्लायच्या कामातून आली आहे. प्लाय हलत नाही, तिथे ती चालते. भरीव लाकडात फळ्या रुंदीला हलतात, पट्टी लांबीला हलत नाही आणि टॉप फाटतो.

९. घासणं

८० नंबरने रंध्याच्या खुणा, मग १२०, १८०, २४०. कोणताही नंबर गाळू नका. ८० वरून थेट २४० वर गेलात तर ओरखडे आत्ता दिसत नाहीत, पॉलिश लागल्यावर उठून दिसतात. शेवटचं घासणं हाताने, रेषेच्या दिशेने. १८० नंतर ओल्या फडक्याने सगळं पुसून वाळू द्या. बसलेले तंतू उभे राहतात, २४० ने ते कापले जातात आणि नंतर पॉलिशखाली खरखरत नाहीत. कडा हलक्या गोल करा. धारदार कडेवर पॉलिश थांबत नाही आणि मनगटालाही टोचतं.

१०. पॉलिश

आपल्या जेवणाच्या टेबलावर हळद सांडते, तेल सांडते, गरम कढई ठेवली जाते. पॉलिश निवडताना हे आधी पाहा.

जवसाच्या तेलाचं किंवा टीक ऑइलचं काम सगळ्यात सोपं आणि लाकूड सुंदर दिसतं. फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून काढा. एक दिवसाच्या अंतराने तीन-चार हात. पण हळदीचा डाग त्यात मुरतो. (उन्हात ठेवलं तर तो हळूहळू फिका होतो.) तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा, मगच फेका.

चपडीच्या लाखेचं पॉलिश देवघराला शोभतं. गरम ताटलीने त्यावर पांढरं वर्तुळ पडतं, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते नको.

रोजच्या वापराला दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) सर्वांत टिकाऊ. आधी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं भरणाऱ्या अस्तराचे) दोन हात, प्रत्येक हातानंतर ३२० ने हलकं घासून धूळ पुसा. मग पीयूचे तीन हात. दोन घटक डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा आणि लागेल तेवढंच कालवा, मिसळलेला माल काही तासांत डब्यातच घट्ट होतो. एकूण पृष्ठभाग सुमारे ५० चौरस फूट आहे, त्यावरून किती डबे लागतील ते काढा. खिडक्या उघड्या, मास्क तोंडावर, गॅस बंद.

टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. खाली कोणी पाहत नाही म्हणून तो भाग कोरा ठेवला जातो. मग ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होतो आणि टॉप वाकतो. पायांचे तळ तर तीन हात मागतात. फरशी पुसताना रोज पाणी तिथूनच वर ओढलं जातं आणि दोन वर्षांत पायांच्या टोकांना काळे पट्टे येतात. पॉलिश पूर्ण सुकल्यावर तळाला नायलॉनच्या टोप्या ठोका.

जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिश करू नका. दमट हवेत थर धुरकट पांढरा पडतो. दसऱ्यानंतर ते मार्चपर्यंतचा काळ चांगला.

११. वापरायला काढताना

पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडाभर लागतो. तोवर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ अजिबात टाकू नका, तो चिकटतो आणि त्याची नक्षी कायमची उठते. वर काच ठेवायची असेल तर महिनाभर थांबा आणि काचेखाली सिलिकॉनच्या गोल टिकल्या लावा, म्हणजे खाली हवा खेळते.

टेबल डुललं तर लगेच पाय कापायला घेऊ नका. आधी ते खोलीत वेगळ्या जागी ठेवून पाहा, बऱ्याचदा फरशीच वर-खाली असते. दोन-तीन जागी तोच पाय उचललेला राहिला तरच त्याच्याखाली टोपी बदलून उंची भरा.

पहिला पावसाळा संपताना आणि पुढच्या मे महिन्यात टेबलाखाली एकदा टॉर्च घेऊन जा. बटणांच्या जिभा खाचांत कमी-जास्त सरकलेल्या दिसतील. एखाद्या लांब पट्टीवर जीभ खाचेच्या तळाला टेकलेली असेल तर तो स्क्रू सैल करून जिभेचं टोक सूतभर कापा आणि पुन्हा आवळा.